पलटण, पेन्शन आणि तालुका बोर्ड

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली सावित्री पोलादपुराच्या खोऱ्यात उतरते, महाडास येऊन गांधारीला आपल्यात सामावून घेते आणि दासगावाच्या पुढे खाडीचे संथ व विस्तीर्ण रूप धारण करून बाणकोटापाशी समुद्रास मिळते. या सगळ्या प्रवासात ती जी भूमी भिजविते ती दिसावयास मोठी हिरवीगार असली, तरी तिच्या पोटात धान्य थोडे आणि दगड फार. भाताची खाचरे नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यांत, त्यांच्यावर नाचणी-वरीचे वरकस आणि त्याही वर रान, अशी येथील जमिनीची वाटणी असल्यामुळे, घरात चार भाऊ असले तर त्यांपैकी दोघांना तरी बाहेरचा मुलूख धुंडाळल्यावाचून गत्यंतर नसे. एकोणिसाव्या शतकात बाहेरची वाट म्हणजे दोनच ठिकाणे, एक मुंबई आणि दुसरी पलटण. मुंबईस गेलेला मनुष्य पैसे पाठवी, शिमग्या-गणपतीला येऊन जाई. पलटणीत गेलेला मात्र वीस-बावीस वर्षांनी पेन्शनीचा कागद, बिल्ले आणि एक निराळीच मान वर ठेवण्याची सवय घेऊन परत येई. या सवयीचीच प्रस्तुत प्रकरणात कथा आहे, कारण महाडच्या परिसरातील अस्पृश्यांच्या पहिल्या लोकनेत्याचा, गोपाळबाबा वलंगकर यांचा, सारा व्यवहार मला या एका सवयीचा विस्तार वाटतो.

पलटणीतून सत्तेच्या आसनाकडे जाणारी वाट इतरत्रही दिसते. आरंभीच्या अमेरिकेत अशी एक रीत होती, की गावच्या हत्यारबंद फौजेत, ज्याला तेथे मिलिशिया म्हणत, जो कॅप्टन किंवा कर्नल असे तोच बहुधा वसाहतीच्या विधिमंडळातही जाऊन बसे. हुद्दा आणि आसन ही जणू एकाच खोडाची दोन फांदोरी. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ साली फ्रेडरिक परगण्यातून व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला तेव्हा तो कर्नल या नात्याने मोहिमेवर होता. मतदानाच्या ठिकाणी तो फिरकलाही नाही, त्याच्या वतीने मित्रमंडळींनी मतदारांना रम आणि बिअर यथेच्छ पाजली, आणि तेवढ्यावर काम भागले. (निवडणुकीतील ही रीत फक्त आपल्याकडची, असे जे आपण लाजेने किंवा अभिमानाने समजतो ते खरे नव्हे.) परंतु तलवारीमागोमाग आसन चालत येण्याचे हे भाग्य सर्वांच्या वाट्याचे नव्हते. स्वातंत्र्ययुद्धात कृष्णवर्णीय सैनिक लढले असतानाही, १७९२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने मिलिशियाचा जो कायदा केला त्यात नावनोंदणी गोऱ्या पुरुषांपुरतीच ठरवून टाकली. बरोबर शंभर वर्षांनी, सातासमुद्रांपलीकडे, कोकणातल्या सैनिकी घराण्यांवर नेमका असाच प्रसंग यावा, आणि त्याविरुद्ध ज्याने अर्ज लिहिला त्यालाच दुसऱ्या बाजूने सरकारी बोर्डात आसन मिळावे, हा इतिहासाचा योग मात्र विलक्षण म्हटला पाहिजे.

गोपाळबाबांचा जन्म सुमारे १८४० साली महाडजवळच्या रावढळ या गावी महार घराण्यात झाला. काही जण त्यांना गोपाळबुवा म्हणत. त्या काळी या जातीच्या तरुणाला मुंबई इलाख्याच्या फौजेत प्रवेश ही काही नवलाची गोष्ट नव्हती. किल्ल्यांच्या मेटांवर आणि घेऱ्यावर पहारा देण्याचा वारसा शिवकालापासूनचा होता, आणि कंपनी सरकारच्या मुंबई फौजेने, बंगालच्या फौजेप्रमाणे उच्च जातींचा आग्रह न धरता, सर्व थरांतील माणसे उचलली होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगावास जी पलटण लढली तिच्या विजयस्तंभावर पडलेल्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, नावे २२ आहेत. पुढे अनेक वर्षे ही भरती अव्याहत चालली, आणि या जातीची माणसे नाईक, हवालदार, जमादार आणि सुभेदार या हुद्द्यांपर्यंत चढत गेली.

पलटणीने या माणसांना काय दिले याचा विचार करताना पगार आणि पेन्शन यांवरच आपली दृष्टी खिळते. परंतु माझ्या मते त्याहून मोठ्या देणग्या दोन होत्या. पहिली म्हणजे शाळा. छावणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा असत, आणि ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्याशीसुद्धा महाराच्या मुलाला उभे राहता येत नसे, त्या काळात पलटणीतल्या महाराच्या घरी मोडी-बाळबोध वाचणारी माणसे निर्माण झाली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे तर लष्करी शाळेचे मुख्याध्यापकच होते. दुसरी देणगी अधिक सूक्ष्म आहे. पलटणीत गाऱ्हाणे सांगण्याची एक पद्धत असते. शिपायाने हवालदाराकडे जावे, त्याने जमादाराकडे, त्याने साहेबाकडे, कागदावर मजकूर असावा, खाली सही असावी आणि त्या कागदाला उत्तर यावे. गावगाड्यात महाराने गाऱ्हाणे सांगावयाचे तर ते पायरीखाली उभे राहून, जोहार घालून, काकुळतीने. पलटणीत त्याने अर्ज करावयाचा. काकुळतीला दया येते किंवा येत नाही. अर्जाला उत्तर द्यावे लागते. गोपाळबाबांनी लष्करातून जी विद्या आणली ती ही.

आणि पेन्शन घेऊन ती माणसे परत कोठे येत? त्याच महारवाड्यात. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेल्या त्याच वतनात, ज्यात सरकारी खलिता पुढच्या गावास पोचविणे, अंमलदाराची वर्दी देणे, शिवेची राखण करणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे अर्धपोटी बलुत्यावर करावी लागत. काल ज्याने पन्नास शिपायांस हुकूम केला त्याने आज पाटलाच्या घोड्यापुढे धावावे, हे ज्यांना सहन होईना त्यांच्यापैकी पुष्कळांनी दापोलीच्या कॅम्पाचा आश्रय केला. दापोली रत्नागिरी जिल्ह्यात असली तरी महाडकरांना परकी नव्हे, कारण मधे मंडणगडचा डोंगराळ टापू काय तो आडवा. तेथील थंड हवा आणि जुनी लष्करी वसाहत यांमुळे पेन्शनरांचे तेथे एक लहानसे गावच वसले होते. रामजी सुभेदार महूहून पेन्शन घेऊन आले ते याच दापोलीस. आणि गोपाळबाबांनीही १८८६ मध्ये पलटण सोडल्यानंतर आपले बिऱ्हाड तेथेच मांडले. पुढे या दोन घराण्यांचा ऋणानुबंध आणखी जवळचा झाला, कारण डॉ. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई या वलंगकरांच्या नात्यातल्याच होत.

दापोलीस आल्यावर गोपाळबाबांना स्वस्थ बसणे शक्य नव्हते. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ परिणाम झाला होता. १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज, 'दीनबंधु' पत्र आणि आर्य व अनार्य यांच्या संघर्षाची जोतीरावांनी मांडलेली उपपत्ती, या तिन्हींचा त्यांनी आपल्या पद्धतीने उपयोग केला. 'दीनबंधु'त त्यांनी लिहिले, आणि आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या 'सुधारका'तही लिहिले. त्याच वर्षी 'विटाळविध्वंसक' या नावाने त्यांनी जे लेखन प्रसिद्ध केले त्यात त्यांनी उच्चवर्णीयांना प्रश्नामागून प्रश्न घातले. अस्पृश्यांच्या हाताने अस्पृश्यांसाठी झालेले मराठीतील हे पहिले प्रकाशन समजतात. त्यांनी पदेही रचली, कारण ज्या श्रोत्यांपर्यंत त्यांना पोचावयाचे होते त्यांना छापील अक्षरापेक्षा टाळाचा ठेका अधिक जवळचा होता. या साऱ्या खटाटोपाला संस्थेचे रूप देण्यासाठी त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. हे नाव आज थोडे बोजड वाटेल. परंतु त्यातील एकेक शब्द मोजून घातलेला आहे. 'अनार्य' म्हणजे आम्ही येथले मूळचे. 'दोष' म्हणजे जो आमच्यावर लादला तो. आणि 'परिहारक' म्हणजे तो दूर करणारे आम्हीच, कोणी अवतारी पुरुष नव्हे.

१८९२-९३ च्या सुमारास लष्करी धोरणाने कूस बदलली. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या सरसेनापतीपणाच्या काळात 'लढाऊ जाती' नावाचे जे खूळ हिंदुस्थानच्या फौजेत शिरले होते त्याची ही परिणती. वायव्येकडील उंचापुऱ्या जातीच तेवढ्या लढाऊ, दक्षिणेतील माणसे मवाळ, आणि त्यांतही महारांच्या हुद्देदारांखाली इतर जातींचे शिपाई नांदावयाचे नाहीत, असा हिशेब मांडून महारांची भरती बंद करण्यात आली. हे वाचताना वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी, की येथे शौर्याची परीक्षा कोणीच घेतली नव्हती. जातीच्या नावावरून निकाल अगोदर लागला होता आणि शास्त्र मागाहून शोधण्यात आले होते. रावढळपासून दापोलीपर्यंतच्या पेन्शनरांच्या घरांवर या एका हुकमाने वीज कोसळली. पेन्शनरांची पिढी संपली की पुढे पगार नाही, पलटणीची शाळा नाही, आणि गावाबाहेर पडण्याची प्रतिष्ठित वाटही नाही. रामजी सुभेदारांनीही या हुकमाविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेतला असे सांगतात.

गोपाळबाबांनी १८९४ साली मंडळीच्या वतीने मुंबई फौजेच्या सरसेनापतीस उद्देशून जो अर्ज तयार केला, तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा कागद. त्यात महार, चांभार इत्यादी जाती मूळच्या क्षत्रिय असून १३९६ साली सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात, जीव जगविण्यासाठी जे मिळेल ते खाल्ल्यामुळे त्या पतित ठरविल्या गेल्या, असा युक्तिवाद आहे. चिकित्सक वाचक येथे थबकेल. एकीकडे मंडळीचे नाव 'अनार्य', म्हणजे आम्ही आर्यांच्या चातुर्वर्ण्याबाहेरचे. आणि दुसरीकडे त्याच मंडळीच्या अर्जात आम्ही क्षत्रिय, म्हणजे त्याच चातुर्वर्ण्यातील दुसऱ्या पायरीवरचे! दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? काही अभ्यासकांना ही वैचारिक विसंगती वाटते. मला ती वाटत नाही, किंवा असलीच तर ती अर्जदाराला शोभणारी विसंगती वाटते. ज्या साहेबाच्या डोक्यात 'लढाऊ जात' एवढी एकच कसोटी भरली आहे, त्याच्यापुढे मानवी समतेचे तत्त्व मांडून काय उपयोग? त्याला क्षत्रियत्वाचाच दाखला दाखविला पाहिजे. आपल्या लोकांशी बोलताना मुळापासून बोलावे आणि कचेरीशी बोलताना कचेरीच्या भाषेत बोलावे, हा विवेक अनेक वर्षे पलटणीच्या शिस्तीत काढलेल्या माणसाला कोणी शिकविण्याची गरज नसते. वकिलाच्या अशिलाने कोर्टात जे म्हणावे ते तो देवळात म्हणत नाही. तरीही आपण त्याला खोटा म्हणत नाही.

त्या अर्जाने भरती उघडली नाही. १ एप्रिल १८९५ रोजी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा मोडून हिंदुस्थानची एक फौज करण्यात आली, आणि ज्या हुद्द्याच्या नावाने गोपाळबाबांनी अर्ज लिहिला होता तो हुद्दाही त्या घडामोडीत नाहीसा झाला.

त्याच १८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारनियुक्त सभासद म्हणून नेमणूक झाली.

तालुका बोर्ड म्हणजे काय हे आजच्या पंचायत समितीच्या काळात थोडे उलगडून सांगितले पाहिजे. लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा जो सुप्रसिद्ध ठराव काढला त्याच्या अनुषंगाने मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्ह्याला एक बोर्ड, तालुक्याला एक बोर्ड. काही सभासद निवडून आलेले, काही सरकारने नेमलेले. आणि मतदानाचा हक्क मालमत्तेवर व प्रतिष्ठेवर अवलंबून असल्यामुळे निवडून येणारे बहुधा इनामदार, खोत, वकील आणि सावकार. बोर्डाच्या हाती जो पैसा असे त्याला लोकांच्या तोंडी 'लोकल फंड' असेच नाव होते. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा याप्रमाणे ही पट्टी वसूल होई, आणि तिच्यातून रस्ते, शाळा, धर्मशाळा, दवाखाने, देवी काढण्याची व्यवस्था आणि विहिरी-तळी यांची कामे व्हावयाची. विधिमंडळाच्या मानाने हे क्षेत्र अगदीच किरकोळ, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु शेतकऱ्याच्या आयुष्यात कायद्यापेक्षा विहीर अगोदर येते. पोलादपूर, बिरवाडी, दासगाव या गावांना मुंबईचे कौन्सिल कोठे भरते याच्याशी कर्तव्य नव्हते; तालुका बोर्डाच्या पैशाने कोणत्या वाडीत विहीर खणली जाते याच्याशी होते.

आता या बोर्डात एक महार पेन्शनर सभासद म्हणून आल्यावर काय झाले असेल ते सांगावयास नकोच. उच्चवर्णीय सभासदांना ही नेमणूक अत्यंत असह्य झाली, आणि वृत्तपत्रांतून तिच्यावर बरीच भवति न भवति झाली. विरोधाचे मूळ धोरणात नव्हते, सान्निध्यात होते. महाराला विहिरीपासून दूर ठेवता येते, देवळापासून ठेवता येते, शाळेच्या पडवीत बसविता येते; पण सभा म्हटली की एक छप्पर, एक टेबल, एक ठराव आणि एकाच किमतीचे एकेक मत. सभेला पडवी नसते. गावगाड्याची सारी रचना अंतरावर उभी होती आणि कायद्याने निर्माण केलेल्या या खोलीत ते अंतर मोजण्यास जागाच शिल्लक ठेवली नव्हती. तेव्हा ज्यांनी नाके मुरडली त्यांचे गणित चुकीचे नव्हते. एका खुर्चीने काय काय हलू शकते हे त्यांना गोपाळबाबांच्या चाहत्यांपेक्षाही अधिक स्पष्ट कळले होते असे म्हटले पाहिजे.

माझ्या दृष्टीने या घटनेचे मर्म आणखी एका गोष्टीत आहे. तोपर्यंत गोपाळबाबा अर्ज करणारे होते; बोर्डावर आल्याबरोबर ते अर्ज ज्यांच्यापुढे येतात त्यांच्यांतले एक झाले. कोणत्या वाडीला विहीर, कोणत्या गावाला शाळा, कोणता रस्ता आधी आणि कोणता मागाहून, या प्रश्नांच्या पलीकडच्या बाजूस आता महारवाड्यातील एक मनुष्य बसला होता. लोकल फंडाचा एक आणा घेताना तो कोणाच्या हातचा आहे हे मामलेदार पाहत नव्हता. मग त्या आण्यातून खणलेल्या विहिरीवर मात्र हात पाहावयाचा, हा न्याय कोठला? हा प्रश्न मोठ्याने विचारावयास त्या खोलीत आता तोंड होते. आणि नुसते तोंड असण्यालाही, ज्या समाजाला शतकानुशतके ते नव्हते त्याच्या इतिहासात, एका प्रकरणाइतकी जागा द्यावी लागते.

गोपाळबाबा १९०० साली आपल्या जन्मगावी, रावढळ येथे, वारले. त्यांच्या मागे त्यांचा प्रश्न चालत राहिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात जो ठराव संमत करून घेतला, त्यात सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत असे म्हटले होते. ज्याचा पैसा त्याचा पाणवठा, हे लोकल फंडाचेच गणित त्यात होते. ५ जानेवारी १९२४ रोजी सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेखालील महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरून, डॉ. आंबेडकरांच्या मागून लोक तळ्यावर गेले. त्या परिषदेच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी याच टापूतील लष्करी पेशाचा आणि भरती बंद झाल्याने झालेल्या ऱ्हासाचा मोठ्या कळकळीने उल्लेख केला. तेव्हा ते स्वतः मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद होऊन जेमतेम महिना झाला होता. आणि बडोद्याच्या फौजेत १९१३ साली त्यांनीही काही दिवस लेफ्टनंटचा हुद्दा धारण केला होता. हुद्दा आणि आसन यांची जी जोडी अमेरिकेत सहज जुळे, ती महाडच्या मातीत अशी अडखळत, दोन पिढ्यांच्या अंतराने, पण जुळली खरी. तळ्याच्या पाण्यावरून उभा राहिलेला दावा मात्र मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

लष्कराचे दार १९१७ साली, महायुद्धात माणसांची चणचण पडली तेव्हा, १११ व्या महार पलटणीच्या रूपाने उघडले, आणि युद्ध संपून गरज सरताच, १९२१ मध्ये, पुन्हा बंद झाले. कायमचे उघडले ते १ ऑक्टोबर १९४१ रोजी, जेव्हा बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. गोपाळबाबांच्या अर्जाला त्या दिवशी ४७ वर्षे झाली होती.

महाड-पोलादपूरकडच्या वाचकांस जाता जाता एक विनंती. जुन्या पेन्शनरांच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकांत पेन्शनीची पुस्तके, बिल्ले, 'दीनबंधु'चे विटके अंक, लोकल फंडाच्या पावत्या असे काही अजून सापडते. २००५ च्या जुलैत दासगावावर डोंगर कोसळला आणि २०२१ च्या जुलैत महाडच्या घराघरांत सावित्रीचे पाणी शिरले, तेव्हा अशा किती ट्रंका चिखलात गेल्या याची गणती नाही. तुमच्या घरी असे कागद असतील तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते उन्हात वाळवा, त्यांच्या नकला काढा आणि एक नक्कल एखाद्या उंचावरच्या ग्रंथालयात ठेवा.